काट्याने धरलेला ठेका

कीर्तनात मुरलेला श्रोता कसा डुलतो ते पाहिलंय का? नवखा माणूस नुसती मान हलवतो. मुरलेल्याचं तसं नसतं. बुवांनी समेवर पाऊल टाकलं की त्याच्या पोटातून एक लाट उठते, खांद्यापर्यंत येते आणि तिथेच विरते. आमच्या मोटारीचा काटा अगदी तसा डुलायचा. अडचण एवढीच, की तो काटा डुलण्यासाठी नव्हताच. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवायला तो बसवलेला होता. त्या तबकडीला टॅकोमीटर म्हणतात. आमच्या आळीत तिला 'काटा' एवढंच नाव पडलं, आणि महिनाभर साताऱ्यात भेटेल तो मला नमस्काराऐवजी "काटा काय म्हणतो?" असं विचारत होता.

मोटार माझी नव्हे. उघड्या टपाची, दोघांपुरती, बाटलीच्या काचेसारखी हिरवी ही जुनी इंग्रजी गाडी संयोगिताच्या मामांची. संयोगिता म्हणजे माझी पत्नी, आणि मामा म्हणजे तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले नानासो. पाचगणीच्या एका साहेबाने परदेशी जाताना ती त्यांच्या हवाली केली, तेव्हापासून नानासोंनी ती घोड्यासारखी सांभाळली. आता हात थकले म्हणून गाडी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. कान मात्र त्यांचे तोफांनी केव्हाच नेलेत. कानात यंत्र घालायला ते तयार नाहीत. "किडा शिरल्यागत वाटतंय," म्हणतात.

मग ऐकू येत नसताना ते गाडी कशी चालवायचे? तर काट्यावर. इंजिन घरघरतंय की गुरगुरतंय, गियर कधी टाकायचा, सगळं काटा बघून. "काटा हाच माझा कान," असं त्यांनी मला गाडी देताना सांगितलं होतं, आणि पुढे एक अटही घातली होती. औंधला देवीच्या उत्सवात माळावरच्या सरळ रस्त्यावर ते गाडी एकदा स्वतः चालवणार. काटा नीट असला तर गाडी आमच्याकडे राहील. नसला तर पुतण्याकडे, लोणंदला.

हा पुतण्या राजवर्धन. त्याचं लोणंदला मंगल कार्यालय आहे, आणि त्याला ही गाडी दारात चौथऱ्यावर मांडायची आहे. इंजिन काढून तिथे माती भरायची, मातीत झेंडू लावायचा, आणि नवरा-नवरीने आत बसून फोटो काढायचे. त्याने मोबाइलवर मला चित्रसुद्धा दाखवलं. बॉनेटमधून झेंडू उगवलेला पाहून मला त्या रात्री जेवण गेलं नाही. तुम्ही म्हणाल, मोटारीत एवढा जीव का? पण उन्हं कलल्यावर टप उघडून कृष्णेच्या काठाकाठाने त्या गाडीतून सावकाश जावं, उसाच्या तुऱ्यांवरून वारा यावा, आणि आपण मनातल्या मनात बुवांचं आख्यान पुन्हा ऐकावं, हे ज्याने केलंय त्याला मी काय सांगणार, आणि ज्याने केलं नाही त्यालाही काय सांगणार!

बुवा म्हणजे सांगलीचे आमचे कीर्तनकार. त्यांच्या मागे उभं राहून मी कित्येक वर्षं झांज धरतो. गाडी घरी आली तेव्हा बुवांनी मला प्रसाद म्हणून एक नारद दिला. बोटभर पितळी मूर्ती, हातात वीणा नि चिपळ्या, पायाखाली ढग. ढगाखाली बारीक स्प्रिंग. जरा धक्का लागला की नारदमुनी तरंगत निघाल्यासारखे डुलत राहतात. काट्याच्या बरोबर वर, डॅशबोर्डच्या पत्र्यावर मी तो ठेवला. ठेवला तो असा घट्ट बसला, की बोरण्याच्या घाटातही ढळला नाही. ही मला आशीर्वादाची पकड वाटली.

त्याच आठवड्यात काटा डुलू लागला.

शेजारचे लालासाहेब साखर कारखान्याच्या बॉयलरवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. जगातल्या कोणत्याही तबकडीवर त्यांचा एकच उपाय आहे, टिचकी. ते आले, चष्मा कपाळावर सारला, आणि काचेवर अशी टिचकी हाणली की काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला.

"बघा," ते म्हणाले, "जित्ता हाय. नुसता लाजतोय."

"लालासाहेब, इंजिन बंद आहे."

"बंद?" त्यांनी चष्मा खाली घेतला. "मग ह्यो कशानं हाललाय?"

"तेच तर!"

आम्ही दोघांनी गाडी शेडबाहेर ढकलली. किल्ली माझ्या खिशात होती. उंबऱ्याच्या दगडावरून चाक उतरलं आणि काटा गुलाबदाणीतल्या पाण्यासारखा हेलकावला. लालासाहेबांनी गाडीवरचा हात काढून घेतला आणि तो उगाच धोतराला पुसला.

आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या धोंडुबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. "आवं दादा, नजर लागलीया," त्या म्हणाल्या. "उघडं टप्पर! येणारजाणारा आत वाकून बघतोय. मीठमिरच्या उतरा."

मीठमिरच्या उतरल्या. मोटारीवरून उतरताना नेमकं कुठून कुठे फिरवायचं याबद्दल संयोगिता आणि धोंडुबाई यांच्यात मतभेद झाला, म्हणून दोन्ही पद्धतींनी उतरल्या. त्या मिरच्यांच्या ठसक्याने लालासाहेब शिंकले, शिंकताना त्यांचा कोपर दाराला लागला, आणि काटा डुलला. "गेली नजर," धोंडुबाई म्हणाल्या, "जाताना हालणारच."

मला खरं सांगायचं तर काट्याचा राग येत नव्हता. दुपारी जेवणानंतर मी शेडमध्ये गाडीत जाऊन बसायचो. पत्र्याच्या भोकातून उन्हाचे कवडसे पडायचे, लिंबाची सावली बॉनेटवर हलायची. मी पायाने हलकेच ठेका धरायचो, वर नारद तरंगायचा, खाली काटा डुलायचा. एकदा तसाच डोळा लागला. स्वप्नात नारदमुनी ढगावरून उतरून गाडीच्या दारापाशी आले. वीणा मागे ठेवायला जागा शोधत होते. "दोघांचीच गाडी का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "महाराज, तुम्ही बसा, मी चालत येतो." ते म्हणाले, "नको, तू हो बाजूला, म्हणजे सगळं नीट होईल." तेवढ्यात संयोगिताने चहा आणला. स्वप्नाचा अर्थ मी तेव्हा नीट लावला असता, तर पुढची शोभा टळली असती. पण देव स्पष्ट बोलतो तेव्हा आपण चहा पीत असतो.

लालासाहेबांच्या ओळखीने सांगलीतल्या मुकुलचा पत्ता लागला. जुन्या गाड्यांची वायरिंग तो करतो. इंजिनियर आहे, बोलतो फार शांत, आणि त्याच्या टेबलावर तबकड्या तपासायचं यंत्र आहे. त्याने फोनवर सांगितलं, "काका, गाडी नको, तबकडी पाठवा."

पाठवा म्हणणं सोपं आहे. मी तबकडी खोलली. खोलण्याआधी हात काळे होणार म्हणून नारदाला नमस्कार करून देवघरात नेऊन ठेवलं. तबकडी कीर्तनाच्या उपरण्यात गुंडाळली आणि पार्सल द्यायला पोस्टात गेलो. खिडकीतल्या माणसाने उपरणं उलगडलं. आत गोल काच, आकडे, काटा आणि मागे लोंबणाऱ्या वायरी. तो खुर्चीसह मागे सरकला.

"आजोबा, हे टिकटिक करतं का?"

माझं वय आजोबा म्हणण्याचं नाही, हे मी आधी स्पष्ट केलं. मग म्हटलं, "टिकटिक करत नाही. डुलतं."

"डुलतं?" त्याने शेजारच्याला हाक मारली. शेजारच्याने साहेबाला. साहेबाने मला बाकावर बसवलं. कपाळाला बुक्का, खांद्यावर उपरणं, मांडीवर वायरींचं भेंडोळं घेऊन मी बसलो होतो, आणि रांगेतली माणसं माझ्यापासून अंतर राखून उभी होती. अखेर साहेब म्हणाले, घड्याळ असेल तर घड्याळाच्या वर्गात घेतो, मोटारीचा भाग असेल तर त्या वर्गात घेतो, पण डुलणाऱ्या वस्तूंचा वर्ग आमच्याकडे नाही. मी तबकडी उचलली आणि मांडीवर घेऊन एसटीने सांगलीला गेलो.

मुकुलच्या टेबलावर काटा सरळ चालला. हळू फिरवलं की हळू, जोरात फिरवलं की जोरात. एखादा उनाड पोरगा मास्तरांसमोर करतो तसा शहाणपणा. परत आलो, बसवली, हात धुतले, नारद जागेवर ठेवला, उदबत्ती ओवाळली, निघालो. कोपऱ्यावरच्या गतिरोधकापाशी काटा डुलला.

मग गाडीच सांगलीला नेली. मुकुलने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि आधी नारदाकडे पाहिलं. "काका, देव जरा बाजूला ठेवतो, माझे हात तेलाचे आहेत." फडक्याने हात पुसून, दोन्ही हातांनी त्याने मूर्ती उचलली, कपाळाला लावली आणि खिडकीत नेऊन ठेवली. एवढा संस्कारी मेकॅनिक पाहून मला भरून आलं. त्याने वायर बदलली, चक्कर मारून आला. काटा सरळ. मी आनंदाने नारद घेतला, जागेवर ठेवला, बसलो. आष्ट्याच्या अलीकडे काटा पुन्हा नाचायला लागला.

परत फिरलो. मुकुलने पुन्हा हात पुसले, देव बाजूला ठेवला, चक्कर मारली. काटा सरळ. मी बसलो. काटा वाकडा. असं दिवेलागणीपर्यंत चाललं. शेवटी मुकुल माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, आजारी माणसाकडे बघावं तसा.

"काका, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"गाडीत दोष नाही. मी बसलो की काटा सरळ, तुम्ही बसलात की वाकडा. दोष तुमच्या बसण्यात आहे."

"माझ्या बसण्यात?"

"काही माणसांच्या अंगात वीज जास्त असते. स्वेटर काढताना तुमच्या अंगातून ठिणग्या उडतात का?"

आता ठिणग्या कुणाच्या स्वेटरमधून उडत नाहीत? पण मी प्रामाणिकपणे 'हो' म्हणालो, आणि तिथेच अडकलो. मी संयोगिताला फोनवर हे सांगितलं, आणि साताऱ्यात पोचेपर्यंत तिने ही बातमी लालासाहेबांना दिली होती. ते फाटकातच उभे होते.

"मला डाऊट हुताच, मधुराव," ते म्हणाले. "तुमी आमच्या घरी येता तवा टीव्हीवर मुंग्या येतात."

दुसऱ्या दिवशी धोंडुबाईंनी वजनकाटा माझ्यापासून लांब ठेवून भाजी तोलली. माणसाने किती सोसावं? ज्या हातांनी बुवांच्या कीर्तनात कधी सम चुकवली नाही, त्यांच्यात बिघाड निघाला. बरं, माझं सांत्वन करावं तर संयोगिता म्हणाली, "अहो, मनाला लावून घेऊ नका. औंधला मामांच्या शेजारी मी बसेन. तुम्ही लांब उभे राहा म्हणजे झालं."

"किती लांब?"

तिने जरा विचार केला. "दिसणार नाही इतके."

उत्सवाचा दिवस उजाडला. गाडी संयोगिताने चालवत औंधला नेली, मी मागून लालासाहेबांच्या स्कूटरवर. निघण्यापूर्वी मात्र मी एक काम केलं. मला गाडीत जागा नव्हती, तर निदान माझ्या वतीने नारदमुनी असावेत, म्हणून मूर्तीला ताजा बुक्का लावून काट्याच्या वर नीट बसवलं. वाटेत पुढे गाडीची ती हिरवी पाठ उन्हात चमकत होती. सकाळच्या धुक्यात टेकडीवरचं देवीचं देऊळ नुसतं तरंगत होतं, त्याच्या ढगाखालीही स्प्रिंग असावी असं. संयोगिताची नजर रस्त्यावर होती. काट्याकडे तिने सबंध वाटेत पाहिलं नाही. तिला काय, कान आहेत.

माळावर नानासो आधीच हजर. इस्त्रीची पँट, छातीवर पदकांची पट्टी, डोक्याला फेटा. शेजारी राजवर्धन, हातात मोजपट्टी. तो गाडीची लांबी मोजत होता.

"राजवर्धन, हे काय?" मी विचारलं.

"काय न्हाई हो दाजी, चौथऱ्याचं माप. असावं आपलं जवळ."

नानासोंनी मला पाहिलं. संयोगिताने त्यांच्या कानाशी ओरडून माझ्या अंगातल्या विजेची हकीकत सांगितली. माळावरच्या सगळ्यांनी ती ऐकली, नानासोंना मात्र अर्धीच कळली. "वीज?" ते गरजले. "मग त्यास्नी हिरीवर बशिवा, मोटर तरी चालंल!"

मला एका बाभळीखाली उभं करण्यात आलं. नानासो गाडीत बसले, संयोगिता शेजारी, हात हँडब्रेकवर. म्हाताऱ्याने किल्ली फिरवली. त्याला आवाज आला नाही, पण तळव्यांनी थरथर ओळखली आणि चेहरा असा उजळला, की राजवर्धनचीही मोजपट्टी खाली आली. गाडी पंधरा-वीस हात गेली आणि थांबली.

"काटा नाचतोय!" नानासो ओरडले.

सगळ्यांनी एकदम बाभळीकडे पाहिलं.

"लांबून बी लागतंय!" लालासाहेब म्हणाले. "मधुराव, मागं सरा."

मी सरलो. काटा नाचतच होता. आणखी सरलो. ज्वारीच्या रानात शिरलो. कणसांमधून मला फक्त नानासोंचा फेटा दिसत होता. तो फेटा खाली झुकला. संयोगिताने नंतर सांगितलं, त्यांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. तोफेपुढे न डगमगलेला माणूस त्या छोट्याशा तबकडीपुढे बसून होता. "ऱ्हाऊ दे संयू," ते म्हणाले. एरवी गरजणाऱ्या माणसाचा आवाज इतका हळू, की शेजारी बसलेल्या संयोगितालाही ओठ वाचावे लागले. "ह्यो बी कान गेला म्हणायचा. घेऊन जा रं राजवर्धन."

मी रानातून धावत निघालो. वीज तर वीज, पण तो झुकलेला फेटा मला बघवेना. तोवर संयोगिता डोळे पुसत होती. मामांसमोर रडायचं नाही म्हणून तिने पदर नीट करायचं निमित्त केलं, खांद्याची पिन काढली आणि ओठात धरायला म्हणून वर नेली. पिन तिच्या बोटांतून निसटून नारदाच्या पुढ्यात पडली. तिथे थांबली नाही. सरळ उडाली आणि नारदाच्या ढगाला जाऊन चिकटली.

संयोगिता पिनकडे बघत राहिली. तिने पिन ओढली आणि सोडली. पिन पुन्हा ढगावर. मग तिने मूर्ती हातात घेऊन नुसती डावी-उजवीकडे हलवली. काटा डावी-उजवीकडे गेला.

"अहो!" ती ओरडली. हा 'अहो' मी ओळखतो. लग्नानंतर तो मोजक्याच वेळा आलाय. "लोहचुंबक आहे हो यात! ढगात लोहचुंबक आहे!"

ढग डुलतो, चुंबक डुलतो, म्हणून काटा डुलतो. इतकं साधं. आणि जो कुणी काटा दुरुस्त करायला बसला, त्याने आधी भक्तिभावाने बिघाड उचलून बाजूला ठेवला, आणि काम झाल्यावर मी तो उदबत्ती ओवाळून परत बसवला! महिनाभर आम्ही सगळ्यांनी मिळून तो दोष पुजला. "माझ्या बसण्यात दोष" म्हणणाऱ्या सर्वांकडे मी आळीपाळीने पाहिलं. लालासाहेब आभाळाकडे बघत होते. "टीव्हीच्या मुंग्यांचं काय?" मी विचारलं. "त्यो टीव्हीच जुना हाय," ते म्हणाले.

नारद माझ्या ओंजळीत आला, आणि नानासो निघाले. काटा निवांत वर चढला. नेमक्या जागी आला तसा त्यांनी गियर टाकला, पुन्हा चढला, पुन्हा टाकला. फेट्याचा शेमला मागे उडत होता. माळाच्या टोकाला गाडी हिरव्या थेंबाएवढी झाली, वळली, आणि उन्हातून पोहत परत आली. राजवर्धनने मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली. "झेंडू कुंड्यांत लावतो," तो मला म्हणाला, आणि तसा तो वाईट माणूस नाही.

इथे कथा संपवायला हरकत नव्हती. पण आरतीआधी उठू नये अशी मला सवय आहे.

उन्हं उतरल्यावर मांडवात आमच्या बुवांचं कीर्तन उभं राहिलं. नानासो आत येईनात. "तोंडं हालताना बघून काय करू?" म्हणाले आणि मांडवासमोर उभ्या केलेल्या गाडीतच बसून राहिले. बुवांच्या मागे माझी जागा होती. झांजा हातात होत्या. मी मांडवाच्या कडेपर्यंत गेलो आणि मागे वळून पाहिलं. हिरव्या गाडीत एक फेटा, एकटा.

झांजा मी दुसऱ्याच्या हातात दिल्या. गाडीत नानासोंच्या शेजारी जाऊन बसलो आणि नारद काढून काट्याच्या वर ठेवला.

"आरं, परत?" नानासो भडकले. "परत बिघडवतोस व्हय?"

 मांडवात बुवांनी गजर उचलला, तबल्यावर थाप पडली, आणि मी बोटाने ढगाला ठेका दिला. काटा डुलला. पुढची मात्रा, पुन्हा डुलला. समेवर मी जरा जोर दिला, काटा पार वरपर्यंत जाऊन आला.

नानासोंनी काट्याकडे पाहिलं. मग मांडवात, तबलजीच्या हातांकडे. पुन्हा काट्याकडे.  थोड्या वेळाने त्यांचा तळवा स्टिअरिंगवर पडला, समेवर, बरोबर. मग पुन्हा. बुवांनी लय चढवली, माझं बोट चढलं, काटा चढला.

"द्रुत धरली व्हय रं बुवानं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. त्यांच्या पोटातून एक लाट उठली, खांद्यापर्यंत आली आणि तिथेच विरली. त्यांच्या गालांवर ओल आली होती. ती त्यांनी पुसली नाही, हात रिकामाच नव्हता.

गजर संपला. टाळ थांबले, मांडव क्षणभर निःशब्द झाला, आणि मी ढगावरचं बोट उचलून घेतलं. काटा मात्र आपल्याच तंद्रीत सावकाश डुलत राहिला. मी नारद उचलायला हात पुढे केला, तर नानासोंनी मनगट धरलं. नजर तबकडीवरच होती.

"थांबा जावईबापू," ते म्हणाले. "अजून चालू हाय."